चूल बंद होती, म्हणून बाहेर जेवलो

बारामतीच्या स्टँडवर ज्या म्हाताऱ्याला मी भरल्या डोळ्यांनी हात हलवला, तो माझा बाप नव्हता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा ठेवणार नाही. गाडी सुटली तेव्हा एसटीच्या धुळकट काचेतून मला धोतर दिसलं, लाल फेटा दिसला, काखेतली काठी दिसली. तेवढ्यावर मला रडू आलं. मी हात हलवत राहिलो. तो म्हातारा भला माणूस असणार, कारण त्यानंही हात हलवला. शहर मागं पडल्यावर माझ्या धाकट्या भावाचा, दत्ताचा, फोन आला. "दादा, कुणाला हात करत हुतास रं? आबा हिकडच्या अंगाला हुबं हुतं. टाचा वर करून तुझी खिडकी धुंडत हुतं."

आबा म्हणजे आमचे वडील. पुढं कित्येक वर्षं फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आन् त्यो तुझा दुसरा बाप बरा हाय का? रामराम सांग त्याला." एवढं बोलून स्वतःच हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

शेजारच्या सीटवर सुरेखा, म्हणजे आमची मंडळी, मांडीवर मोठीला, पल्लवीला, घेऊन बसली होती. तिला सगळं दिसलं होतं. आबा कुठल्या बाजूला उभे आहेत हेही दिसलं होतं. "मग सांगितलं का नाहीस?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुमी इतकं मन लावून रडत हुता, म्हटलं कशाला मोडता घालायचा."

तर अशा रीतीनं आम्ही आमचं गाव, शेळगाव, सोडलं. बारामतीला आयटीआय केलेलं, दूध थंड करण्याच्या एका प्लँटवर कंप्रेसर सांभाळायचं काम होतं. तिथल्याच एका साहेबाच्या ओळखीनं हिमाचलात सेबाच्या कोल्ड स्टोअरवर नोकरी लागली. सेब म्हणजे सफरचंद. मी आता सफरचंद म्हणत नाही. म्हटलं तर माझ्याच पोरी हसतात. सिमल्याच्याही वर, नदीच्या काठाला एक बाजारपेठ, एक बसस्टँड, चढावर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेली घरं, आणि घरांच्या वर नजर पोचेल तिथवर सेबाच्या बागा, एवढंच ते गाव. दुधाचे चार डिग्री सोडून मी सेबाचा एक डिग्री सांभाळायला लागलो. धाकटी, चिऊ, तिथंच जन्मली. तिला ऊस दाखवला तर ती "इतना मोटा घास?" म्हणते.

आबांना माझ्या जाण्याचं दुःख होतं असं ते कधी बोलले नाहीत. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, पण आबांच्या डोक्यातला कळप काही गेला नव्हता. तरणेपणी त्यांनी सगळा घाट पायाखाली घातलेला. मी डोंगरात राहायला जाणार म्हटल्यावर त्यांनी घडवंचीवरचं काळं घोंगडं काढून दिलं आणि एवढंच म्हणाले, "आमीबी बाहेर पडायचो की. दिवाळी झाली की कोकणात उतरायचो. पन पावसाच्या आत माघारी यायचो."

मी माघारी कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं, आणि मग प्रत्येक फोनला विचारत राहिले.

"माणसं हायत का तितं?"

मला आधी वाटायचं, त्यांना वस्ती किती आहे ते हवंय. मी सांगायचो, आबा, हे तालुक्याचं गाव आहे, बँक आहे, कॉलेज आहे. ते म्हणायचे, "बँक घाल चुलीत. माणसं हायत का म्हंतो मी." गावातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. बाहेर पडलेल्यांना मात्र सांगतो, कारण तुम्हीही माझ्यासारखे विसरला असाल. ज्याच्याशी रोज बोलतो तो ओळखीचा. माणूस म्हणजे, आपल्या घरात मयत झालं की न बोलावता ज्याच्या घरून भाकरी येते तो. आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटत नाही. पेटवायची गरजच पडत नाही. मंडळी मातीवरून आंघोळी करून परत येतायत तोवर भावकीतल्या बाया पाट्या घेऊन दारात हजर. पिठलं, भाकरी, ठेचा. नुसतं आणून ठेवत नाहीत, समोर बसतात. "खा दोन घास. गेलेलं माणूस उपाशी ऱ्हाऊन येतंय व्हय?" असं दटावून खायला लावतात. मी लहानपणी अशा पाट्यांच्या मागं कितीदा पाण्याची कळशी घेऊन गेलोय. त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"हायत की माणसं," मी आबांना सांगायचो. "लय चांगली हायत."

"मग बरं," ते म्हणायचे. पण पुढच्या फोनला पुन्हा तेच.

---

आबा गेले ते ऐन सीझनमध्ये. श्रावण चालू होता, सेबाच्या गाड्या रात्रंदिवस येत होत्या आणि पावसानं डोंगर खाली आणायचा सपाटा लावला होता. मी कंप्रेसर रूममध्ये होतो. दत्ताचा फोन आला, आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर पत्र्याखाली आलो. सकाळी चहा घेऊन आबा बाजेवर बसले, आणि बसल्या बसल्याच कलंडले. त्रास नाही, दवाखाना नाही. दत्ता इतकं सावकाश आणि नीट सांगत होता की वाटावं, हा पाठ करून आलाय.

मग त्यानं विचारलं, "दादा, किती वेळात पोचचील? आमी थांबतो."

सांगायला हवं की आमच्या गावातून खाली जायचा रस्ता आदल्या दिवशीच तुटला होता. वळणावर अख्खा डोंगर उतरून बसला होता आणि दोन्ही अंगांना सेबाचे ट्रक थांबले होते. रस्ता कधी खुलेल, ते जेसीबीवाल्यालाही माहीत नव्हतं. आणि खुला असता तरी सिमला, चंदीगड, पुणे, तिथून शेळगाव. बघा नकाशावर कधीतरी.

"इंदापुरातनं बर्फाची पेटी मागवतो," दत्ता म्हणाला. "उद्या सांजंपातूर ठिवू. तू थोरला हायस. अग्नीचा मान तुजाच."

मी पत्र्याखाली उभा होतो. माझ्या पाठीमागं भिंतीच्या पलीकडं हजारो पेट्या सेब होते, एक डिग्रीला, आणि ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुरकुतणार नव्हते, याची जबाबदारी माझी होती. त्याचाच मला पगार मिळतो. सेब दहा-दहा महिने ताजे ठेवणारा माणूस मी, आणि मला बापाला दोन दिवस ठेवता येईना.

"थांबू नका," मी म्हणालो. "तूच दे अग्नी."

दत्ता म्हणाला, "दादा, असं नगं म्हनू." तेव्हा कुठं त्याचा आवाज फुटला. माझा काही फुटला नाही. मी आत गेलो, गेज बघितला, सुपरवायझरला "गाँव में इमर्जन्सी है" एवढंच सांगितलं आणि घरी आलो. वाटेत दोघं-तिघं भेटले. "क्या हाल, पुणे वाले भाई?" असं विचारलं. मी म्हणालो, "बढिया."

दुपारी दत्ताच्या पोरानं व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघं पलंगावर ओळीनं बसलो. ओढ्याकाठची जागा दिसली, बाभळी दिसल्या, ओळखीच्या टोप्या, ओळखीची टकलं दिसली. दत्ता खांद्यावर मडकं घेऊन फेरा घालायला लागला आणि चित्र थिजलं. दत्ताचं कोपर, मडक्याची कड आणि मागं कुणाचा तरी अर्धा चेहरा. आम्ही त्या कोपराकडं बघत बसलो. हलेल, आत्ता हलेल.

"पप्पा, काटून फिर से लगाओ ना," चिऊ म्हणाली.

फिर से लावला तेव्हा धूर दिसत होता.

---

मग आंघोळी केल्या. गिझर लावायचा का, यावर घरात थोडी चर्चा झाली. गिझर म्हणजे चूल का? सुरेखा म्हणाली, पाणी तापतंय म्हणजे चूलच. गार पाण्यानं आंघोळी झाल्या. त्या पाण्याला नदीचा नाही, बर्फाचा वास असतो. सगळे कुडकुडत, धुतलेले कपडे घालून हॉलमध्ये येऊन बसलो.

आणि बसूनच राहिलो.

कशाची वाट बघतोय, ते कुणी बोलत नव्हतं. मला आता वाटतं, मी आणि सुरेखा दोघंही दाराकडं बघत होतो. शेळगावात असतो तर एव्हाना जिन्यावर, माफ करा, आमच्याकडं जिना नाही, अंगणात बायकांच्या पायांचा आवाज आला असता. इथं घरमालक बायकामुलांसकट वरच्या बागेत सेब तोडायला गेलेले. शेजारचेही गेलेले. सीझनला हे गाव असंच ओस पडतं. आणि घरात असते तरी काय, कळवलं कुणी होतं?

संध्याकाळ झाली. चिऊनं पोट धरलं. "मम्मा, भूक." सुरेखा सवयीनं उठली, ओट्यापाशी गेली आणि गॅसच्या बटणावर हात ठेवून थांबली.

"इंडक्शन पे बना लो ना," पल्लवी म्हणाली. बारावी झालेली पोरगी, तिला तर्क चालवायची खोड. "उसमें आग ही नहीं होती."

"चूल म्हंजी चूल," सुरेखा म्हणाली. ती बावड्याची. तिच्या माहेरी या रीती आमच्यापेक्षा चार आणे जास्तच. "आज ह्या घरात काय बी शिजायचं न्हाय."

"मग कुणी आणून देणार आहे का?" पल्लवीनं विचारलं. ते तिनं मराठीत विचारलं. आमच्या घरात खरं लागेल असं बोलायचं असलं की पोरी मराठीत बोलतात.

मी उठलो. का उठलो, ठाऊक नाही. म्हणालो, "चला. बाहेर जेवू."

चिऊनं टाळी वाजवली. बाहेर जेवायला आम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जातो, तिच्या वाढदिवसाला आणि सीझन संपल्यावर. तिला काय झालंय ते सांगितलं होतं, तिनं ऐकलंही होतं, पण आबा म्हणजे तिच्या लेखी फोनमधले आबा. ते फोनमध्ये गेले होते, फोनमध्येच जळाले होते. तिनं गुलाबी फ्रॉक घातला. कुणीच तिला तो बदलायला लावला नाही. तेवढं बळ कुणात नव्हतं.

बसस्टँडच्या वर राणाजींचा ढाबा आहे. रंगीत दिव्यांची माळ बारमाही लावलेली असते. त्या दिवशी रस्ता तुटल्यामुळं अडकलेले ट्रकवाले आत भरलेले, टीव्हीवर गाणी लागलेली. आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. राणाजी पन्नाशीचे, अंगानं भरलेले, डोक्यावर कायम हिरव्या पट्टीची टोपी. मला ओळखत होते, पण ती ओळख म्हणजे 'पुणे वाले भाई, कोल्ड स्टोअर वाले' एवढीच. चौघांना धुतल्या कपड्यांत, ओल्या केसांनी, गुलाबी फ्रॉकसकट बघून ते खुलले.

"क्या बात है! आज पूरी फैमिली! भई, किस बात की खुशी है?"

आता इथं मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय, मला कळत होतं, माझ्या बायकोला कळत होतं. पण ते वाक्य मी अजून कुठल्याच भाषेत बोललो नव्हतो. सकाळपासून दत्ता बोलला होता, सुरेखा फोनवर तिच्या माहेरी बोलली होती. मी नाही. मराठीतही नाही, तर हिंदीत कुठून येणार? तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "वो... बेटी का सिलेक्शन हो गया."

"अरे वाह! किसमें?"

"नर्सिंग में."

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. नर्सिंगची यादी अजून लागायची होती आणि लागली तर तिचं नाव त्यात असेल अशी आशा आमच्या घरात तिच्या आईशिवाय कुणालाच नव्हती. राणाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जीती रहो बेटा. हमारे गाँव का नाम करोगी." ती खाली बघून "थँक्यू अंकल" म्हणाली. तिच्या मांडीवरच्या मुठी मला टेबलाखाली दिसत होत्या.

शेजारच्या टेबलावरून एका सरदारजी ड्रायव्हरनं हात पुढं केला. "बधाई हो जी." मी हात मिळवला. त्याच्या क्लीनरनंही मिळवला. मागून आणखी दोघं आले. सकाळी माझा बाप गेला होता आणि संध्याकाळी मी ढाब्यात उभा राहून अभिनंदनं घेत होतो. शेळगावात त्या वेळी लोक दत्ताच्या समोर येऊन हात जोडत असतील, न बोलता बसत असतील. माझ्याही समोर लोक येत होते म्हणा. हातही हातात घेत होते.

चिऊनं चाऊमीन मागवलं. आम्ही मक्याची रोटी आणि डाळ सांगितली. पिठलं-भाकरीच्या जवळ जाणारं तेवढंच होतं. सुरेखानं रोटी मोडली आणि ताटाच्या कडेला ठेवली. पुन्हा मोडली, पुन्हा ठेवली. समोर बसून "खा दोन घास" म्हणणारं कुणी नसलं की खाणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आपण स्वतःला दटावू शकत नाही.

जेवण अर्ध्यावर आलं असेल नसेल, राणाजी हातात गुलाबजामची वाटी घेऊन आले. "ये हमारी तरफ से."

सुरेखाचा हात थांबला. मी "नहीं, नहीं, शुगर है" म्हणालो. आणखी एक खोटं. पण राणाजी कसले ऐकतात! त्यांनी एक गुलाबजाम दोन बोटांत धरला, दुसरा हात माझ्या मानेमागं घातला आणि म्हणाले, "बेटी का बाप है तू! मुँह मीठा तो करना पड़ेगा." आणि तो माझ्या तोंडात घातला.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना सांगतो. दुखवट्यात गोड खात नाहीत. तेराव्याला सोयरे येतात, टोपी-टॉवेल देतात आणि आपल्या हातानं तोंडात गोड घास घालतात. मग दुखवटा सुटतो. माझ्या तोंडात तो घास घालायचा मान सुरेखाच्या भावाचा, बावडेकर पाहुण्यांचा. आबांची चिता अजून निवली नसेल, आणि इकडं राणाजींनी माझा दुखवटा सोडवून टाकला.

गुलाबजाम तोंडात होता. गिळता येईना, थुंकता येईना. पाक घशात उतरला आणि त्यानंच बहुतेक वाट केली, कारण सकाळपासून अडलेलं सगळं एकदम वर आलं. मी रडायला लागलो. बारीक नाही, पोरासारखा, आवाज काढून, तोंडात गुलाबजाम घेऊन. राणाजींनी मला छातीशी धरलं. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर. त्यांच्या स्वेटरला मोहरीच्या तेलाचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता.

"रो ले, रो ले," ते माझ्या पाठीवर थापटत इतरांना सांगत होते. "बेटियाँ ऐसे ही रुलाती हैं बाप को. खुशी के आँसू हैं भई."

सरदारजींनीही डोळे पुसले. चिऊ चाऊमीन सोडून माझ्याकडं बघत होती. पल्लवी उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. सुरेखा तशीच बसली होती, ताठ, समोरच्या रोटीकडं बघत.

वाईट वाटून घेऊ नका, पण सांगतो, रडायला तो खांदा चांगला होता. माझ्या बापासाठी मी जे काही रडलो ते तिथंच. पुढं गावात जाऊनही तसं रडू आलं नाही.

---

रस्ता खुला व्हायला बरेच दिवस गेले. राख सावडायलाही मी नव्हतो. दहाव्याच्या आत पोचलो. दत्तानं काही विचारलं नाही, फक्त आबांची काठी माझ्या हातात दिली आणि परत काढून घेऊन खुंटीला लावली. मला कुठं ठेवायची ते माहीत नसेल असं त्याला वाटलं असावं. आईच्या कपाळाकडं मी बघायचं टाळत होतो. ते तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून ती पदर पुढं ओढून बोलत होती.

दहाव्याला डोकं भादरलं. तेराव्याला बावड्याहून सुरेखाचा भाऊ आला, त्यानं रीतसर शिऱ्याचा घास माझ्या तोंडात घातला. मी निमूटपणे खाल्ला. सुरेखानं तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. "बाळू, एक इचारू? त्या दिशी तितं भाकर कुणी आणली?"

मी तयार नव्हतो. "कधी?"

"आबा गेलं त्या दिशी. तुमच्या घरात चूल न्हवती ना पेटवली?"

"न्हाय पेटवली," सुरेखा आतून म्हणाली.

"मंग? कुणी आणलं खायला? का पोरी उपाशी निजल्या?" तिचे डोळे माझ्यावर होते. आबांचा तो फोनवरचा प्रश्नच आता ती विचारत होती. ते जन्मभर विचारत राहिले आणि त्यांची खात्री काही झाली नव्हती, हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

"राणाजी म्हणून हायत," मी म्हणालो. "त्यांनी जेवू घातलं."

अगदीच खोटं नव्हतं ते. आईचा चेहरा असा सैल झाला की मला बघवेना. "समूर बसलं हुतं का?"

"व्हय. पाठीवर हात ठेवून."

"मंग माणसं हायत म्हणायची," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. मग उठली, कणगीतून ज्वारी काढली, पिशवीत भरली. "असल्या भाकरीचं उपकार मानायचं नसत्यात. पन त्यांना आपली रीत काय म्हाईत. ही दे त्यांच्या घरातल्या माउलीला. म्हणावं, सासूबाईनं सुनंला दिली असं समज."

---

ज्वारीची पिशवी घेऊन आम्ही परत आलो. दोन दिवस ती दाराच्या मागं होती. सुरेखा जाता येता तिच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं. शेवटी एका दुपारी दोघंच राणाजींकडं गेलो. मी डोक्यावर लोकरीची टोपी चढवली होती. ऊन होतं, पण त्या गावात टोपीला कुणी हसत नाही.

राणाजी गल्ल्यावर होते. "आओ भाई! बेटी गई कॉलेज?"

मी पिशवी पुढं ठेवली. "माँ ने भेजा है. हमारे यहाँ का अनाज."

"बेटी की खुशी में?"

मी मान हलवली. हो, पुन्हा. माझ्या मागं सुरेखानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

राणाजी पिशवीत हात घालून दाणे बघत होते. मग त्यांची नजर वर आली, माझ्या टोपीवर गेली, आणि टोपीच्या खाली, कानामागं, जिथं केस असायला हवे होते तिथं थांबली. पहाडी माणूस असला म्हणून काय, भादरलेलं डोकं कशाचं, ते सगळ्यांनाच कळतं. ते गल्ल्यामागून बाहेर आले.

"कौन?"

"पिताजी," मी म्हणालो. तो शब्द निघाला एकदाचा.

"कब?"

माझी नजर खिडकीकडं गेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुरेखाकडं बघितलं, मग त्या खिडकीजवळच्या टेबलाकडं बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावर हिशेब जुळताना दिसतो तसा दिसला. त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढं धरला आणि त्या दोन बोटांकडं बघत राहिले.

"मैंने मुँह मीठा कराया तेरा," ते म्हणाले. "उस दिन. इस हाथ से."

"आपको क्या पता..."

"एक बार बोल देता, भाई." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "हमारे यहाँ भी उस दिन चूल्हा नहीं जलता. घर से रोटी आ जाती. बीस लोग बैठते तेरे पास." आणि मग, "तूने पराया समझा."

ज्वारीची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेली. परत बाहेर आले नाहीत. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि निघालो.

घर चढावर आहे. पायऱ्या चढताना सुरेखा नेहमी मागं राहते, त्या दिवशी ती पुढं होती. मी धापा टाकत म्हणालो, आबांना वाटत होतं तेच खरं, आपलं गाव ते आपलं गाव. इथं आपण पाहुणे. पोरींची शिक्षणं झाली की माघारी जाऊ. असं आणि बरंच काही. बापाच्या मातीला न पोचलेल्या माणसानं जे बोलायचं असतं ते सगळं मी बोललो.

ती वळणावर थांबली, गुडघ्यावर हात ठेवून दम घेतला.

"कुठं जायाचं न्हाय आता," ती म्हणाली. "मी हितंच मरनार हाय. त्या दिशी बी पोरींना घेऊन ह्याच ढाब्यावर जेवायला या. फकस्त सिलेक्शन झालं म्हणून सांगू नगा."